दावं दिलं, नाव दिलं नाही

२०२५ च्या जुलैत, ऐन रोवणीच्या दिवसांत, मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे विशीतला एक पोरगा होता. म्हणाला, "भाऊ, तुमी या अन् सांगा, म्हस आमची आहे म्हणून. आमचं कोणी आयकत नाही." कोणती म्हैस, कुठली, मला काहीच उमगेना. मग त्याने माझ्या अब्बांचं नाव घेतलं. कोंडवाड्यात एक म्हैस होती आणि तिच्या कानातल्या बिल्ल्यावर मालक म्हणून माझ्या अब्बांचं नाव निघत होतं.

अब्बांचा इंतकाल २०२३ साली झाला. म्हैस आम्ही २०२४ च्या रमजानात विकली. त्यानंतर गावातलं घर बंद करून आम्ही गोंदियाला राहायला आलो. म्हणजे माणूस गेलेला, घराला कुलूप, जनावर विकलेलं, आणि सरकारी नोंदीत मात्र अब्बा हयात होते, गावातच राहत होते आणि त्यांच्या कोठ्यात म्हैस बांधलेली होती.

हा लेख त्या खोट्या नोंदीबद्दल आहे. ती खोटी कोणी केली? सरकारने नाही. मी केली, आळसाने. माझ्यासारखे हजारो लोक रोज तेच करत असतात, म्हणून हे लिहितो आहे.

झालं ते आधी सांगतो. म्हैस घेणारी बाई गोवारी समाजाची, सालेकसा तालुक्यातली, नवरा नसलेली. तिने महिला बचत गटातून कर्ज काढून म्हैस घेतली होती. दूध विकून ती हप्ता भरत होती. जुलैत म्हैस चरायला गेली ती परतली नाही. दुसऱ्या गावात कोणाच्या तरी पऱ्ह्यांत शिरली, त्या शेतकऱ्याने धरून कोंडवाड्यात टाकली. यात त्याचं काही चुकलं नाही. रोवणीच्या तोंडावर पऱ्हे खाल्ले म्हणजे त्याचा हंगाम गेला.

कोंडवाडा पाहणाऱ्याचंही काही चुकलं नाही. त्याने बिल्ल्यावरचा नंबर कळवला. दवाखान्यातून तो संगणकावर पाहिला गेला. मालकाचं नाव आलं, गाव आलं, मोबाइल नंबर आला. नंबर लावला तर फोन लागला, पण पलीकडचा माणूस म्हणाला, राँग नंबर. अब्बांच्या नंबरावर आम्ही रिचार्ज केला नव्हता. बंद पडलेला नंबर किमान नव्वद दिवस थांबून कंपन्या दुसऱ्याला देतात. अब्बांचा नंबर आता भलत्याच माणसाच्या खिशात होता. गावात विचारलं तर घराला कुलूप.

मग कुजबुज सुरू झाली. मालक मुसलमान, फोन राँग नंबर, घर बंद. म्हणजे ही म्हैस कटाईला चालली असेल, रस्त्यात सुटली असेल. आणि अशात ही बाई तिथे पोचली. हातात कागद नाही. बिल्ल्यावर नाव दुसऱ्याचं. "तुझी म्हैस म्हणतेस, मग नाव त्याचं कसं?" तिला हे इतक्या वेळा विचारलं गेलं की मी पोचलो तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "मी का चोट्टी आहो का गा भाऊ?"

तिच्या पोराने आमचं गाव शोधलं, तिथल्या मशिदीत विचारलं, आणि मुतवल्लींकडून माझा नंबर मिळवला. सरकारी नोंदीला जे जमलं नाही ते मशिदीत अर्ध्या तासात झालं. पण तोवर अकरा दिवस गेले होते. कोंडवाड्याचा कायदा १८७१ सालचा आहे. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांत वर्दी, मग नोटीस, आणि तरीही कोणी आलं नाही तर लिलाव. वर्दी जाऊन चुकली होती. आणखी काही दिवस गेले असते तर बचत गटाच्या कर्जाची म्हैस बोलीवर गेली असती.

मी अब्बांचा मृत्यूचा दाखला घेऊन गेलो, गावातले दोन साक्षीदार नेले, लिहून दिलं, म्हैस सुटली. बाईने दंड भरला, खुराकीचे पैसे भरले. मी देऊ केले, तिने घेतले नाहीत. पण दुभत्या म्हशीची अकरा दिवस दोन वेळ नीट धार कोण काढणार? कासेला सूज आली. एक सड कायमचं गेलं. ते नुकसान मी कोणत्या पैशाने भरून देणार होतो?

आता मुद्द्यावर येतो.

कानातला तो पिवळा बिल्ला म्हणजे काय, हे आपण नीट समजून घेतलेलं नाही. त्यावर बारा आकड्यांचा एक नंबर असतो, बस. त्यात मालकाचं नाव नसतं, पत्ता नसतो, म्हैस आत्ता कुठे आहे हेही त्यातून कळत नाही. नाव-पत्ता-फोन असतो तो दूर कुठल्या तरी संगणकात, 'भारत पशुधन' या प्रणालीत, त्या नंबरापुढे. बिल्ला ही नुसती किल्ली आहे. पेटीत जुनं नाव पडलं असेल तर किल्ली जुनंच नाव दाखवणार.

शहरातले हौशी लोक कुत्र्या-मांजराच्या मानेत चिप बसवतात, तिचंही तसंच. तांदळाच्या दाण्याएवढी असते. आपल्या धानाच्या जिल्ह्यात ही उपमा कोणाला समजावून सांगायला नको. तिच्यात बॅटरी नसते, ती कुठे चाललो हे कोणाला कळवत नाही. यंत्र जवळ धरलं की पंधरा आकडी नंबर सांगते, पुढचं सगळं नोंदवहीवर. नागपुरात बसवलेल्या चिपपुढे नागपूरचाच पत्ता आणि बंद पडलेला फोन असेल, तर गोंदियात हरवलेलं कुत्रं घरी पोचत नाही. मालकाला वाटत राहतं, चिप आहे ना, काळजी कशाला. ही खोटी निश्चिंतता बिल्ला नसण्यापेक्षा वाईट. बिल्ला नसेल तर लोक निदान चौकशी करतात. बिल्ला असला की संगणकावर विश्वास ठेवतात, आणि संगणक बिचारा दोन वर्षांपूर्वीचं बोलत असतो.

महाराष्ट्र सरकारने १ जून २०२४ पासून बिल्ला सक्तीचा केला. बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री नाही, सरकारी दवाखान्यात उपचार नाहीत, कत्तलखान्यात प्रवेश नाही. वीज पडून, पुरात, किंवा वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात जनावर मेलं आणि कानात बिल्ला नसेल तर भरपाई नाही. ग्रामपंचायतीने विक्रीचा दाखला देताना बिल्ल्याचा नंबर लिहायचा. नियम चांगले आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे.

नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेला राहणाऱ्याला वाघाच्या हल्ल्याची भरपाई म्हणजे काय ते माहीत आहे. पण विचार करा, जंगलाच्या कडेला जनावर मेलं, पंचनामा झाला, कानात बिल्ला आहे, आणि बिल्ल्यावर नाव निघालं तीन वर्षांपूर्वी विकणाऱ्याचं. भरपाईचा अर्ज कोणी करायचा? ज्याची गाय मेली त्याने म्हणायचं, माझी आहे. नोंद म्हणणार, याची नाही. २०२२ च्या लम्पीची साथ आठवते ना? राज्यभर गुरांचे बाजार बंद झाले होते. मेलेल्या गायीला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार, वासराला सोळा हजार रुपये मदत होती. अशा वेळी 'हे जनावर कोणाचं' या प्रश्नाचं उत्तर पैशात मोजलं जातं.

साथीच्या वेळी आणखी एक गोष्ट लागते. जनावर कुठून आलं आणि कुठे गेलं हे कळावं लागतं. हे बिल्ले मुळात वाढले ते लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसच्या लसीकरणासाठी. २०१९ साली केंद्राने त्यांचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. आपला जिल्हा तर दोन राज्यांच्या सीमेवर आहे. वाघ नदीच्या पलीकडे बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. जनावरं इकडून तिकडे जातात, आजारही जातात. बारा आकडी नंबर देशभर एकच आहे, तो नदीवर थांबत नाही. थांबते ती आपली नोंद, जिथे बिल्ला मारला त्याच गावात.

ब्रिटनने हा धडा महागात शिकला. गायींचा 'वेडा रोग' माणसांपर्यंत पोचतो हे १९९६ साली उघड झाल्यावर तिथे त्याच वर्षाच्या १ जुलैपासून प्रत्येक गुराला पासपोर्ट सुरू झाला. गुरू एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात गेलं की तीन दिवसांत कळवावं लागतं. कुत्र्यांना २०१६ पासून चिप सक्तीची आहे आणि इंग्लंडात मांजरांनाही १० जून २०२४ पासून. पण नुसती चिप बसवून तिथे मालक सुटत नाही. घर बदललं, फोन बदलला आणि नोंद बदलली नाही, तर एकवीस दिवसांची मुदत मिळते, नंतर पाचशे पौंडांपर्यंत दंड. जपानने २०२२ च्या जूनपासून विक्रीच्या कुत्र्या-मांजरांना चिप सक्तीची केली, आणि विकत घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंद आपल्या नावावर करायची असं त्याच कायद्यात लिहिलं. म्हणजे ज्यांनी हे आधी केलं त्यांना कळून चुकलं आहे की टोचणं सोपं असतं, काम नोंद ताजी ठेवण्यात आहे.

आपल्याकडे काय आहे? 'भारत पशुधन' प्रणालीत मालकी हक्क हस्तांतरणाची नोंद करण्याची सोय आहे. पण बाजाराच्या दिवशी, जिथे पैसे हातात पडतात, त्या जागी ती नोंद करून देणारा माणूस मला दिसत नाही. बाजार समिती पावती फाडते, फी घेते. दोन दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. पैसे मोजले जातात, दावं हातात दिलं जातं, गाडी निघते. नाव मात्र मागेच राहतं. नंतर कोणी दवाखान्यात जाईल आणि बदलून घेईल, ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. रोवणी सोडून, मजुरी बुडवून, वीस कोस कोण जाणार?

शेतकऱ्याला फेरफार शिकवावा लागत नाही. जमीन विकली आणि सातबाऱ्यावर नाव चढलं नाही तर आपण झोपत नाही. बाप वारला की वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे चकरा मारतो. मग दीड लाखाच्या म्हशीला फेरफार का नको? माझी मागणी साधी आहे. बाजारातच एक टेबल असावं. विकणारा, घेणारा आणि जनावर तिघं समोर असताना नाव बदलावं, आणि दोघांच्या फोनवर निरोप जावा. ग्रामपंचायत मृत्यूची नोंद करते तेव्हाच मेलेल्या माणसाच्या कोठ्यात बिल्ल्याची जनावरं किती आहेत हे विचारावं. त्यासाठी नवा कायदा नको, एक माणूस आणि एक फोन हवा. बिल्ला सक्तीचा करताना सरकारने जेवढा जोर लावला, त्याच्या निम्मा इथे लावला तरी पुरे.

इथपर्यंत माझे मुसलमान वाचक खूश असतील. सरकारवर बोललं की आपल्याला बरं वाटतं. आता आपल्यावर बोलतो.

हा विषय मी जिथे जिथे काढला तिथे पहिलं उत्तर एकच आलं. "नोंद केली म्हणजे आपणच सापडतो. नाव चढलं की उद्या कोणी दारात येईल." ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. २०१५ साली बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली तेव्हा कायद्यात असंही कलम होतं की गुन्हा केला नाही हे आरोपीनेच सिद्ध करावं. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी बंदी कायम ठेवली, पण ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. निकालावरची अपिलं सर्वोच्च न्यायालयात गेली. म्हणजे कायद्याच्या भाषेत आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचं. रस्त्यावरची भाषा वेगळी आहे. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने राज्यात ठिकठिकाणी जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली. म्हशींचा कायदेशीर धंदा असूनही, कागद असूनही गाड्या अडवतात आणि मारहाण करतात, ही त्यांची तक्रार होती. हे मी विसरलेलो नाही. अडवणाऱ्या जमावाला बिल्ल्याचा नंबर वाचायचा नसतो, हेही मला ठाऊक आहे. ताजी नोंद तुम्हाला जमावापासून वाचवेल असं मी म्हणत नाही.

पण नोंद जुनी राहिली म्हणजे आपण वाचतो, हे तरी कुठे खरं आहे? उलट आहे. गाडी ठाण्यात गेली की तिथे प्रश्न येतो, ही जनावरं कोणाची. तुम्ही म्हणता, घेतली. बिल्ला म्हणतो, अमुक गावच्या अमुक शेतकऱ्याची. त्या शेतकऱ्याला फोन जातो. तो घाबरलेला असतो. त्या क्षणी तो काय बोलेल, त्यावर तुमची जामीन अवलंबून. चोरीचा आरोप लागायला आणखी काय लागतं? नाव बाजारातच बदललं असतं तर हा प्रश्न ठाण्यात उभाच राहिला नसता. जमावासमोर कागद कामाचा नाही, पण वकिलासमोर, न्यायाधीशासमोर कागदाशिवाय दुसरं काहीच कामाचं नाही. संशय आपल्यावर आधी येतो हे खरं असेल, तर नोंद इतरांपेक्षा आपली जास्त पक्की हवी. हा अन्याय आहे, मान्य. पण अन्याय मान्य केल्याने जामीन मिळत नाही.

आणि माझ्या बाबतीत संशय कोणावर आला ते पाहा. माझ्यावर नाही. मी गोंदियात पंख्याखाली बसलो होतो. संशय आला एका गोवारी विधवेवर, कारण मुसलमानाच्या नावाची म्हैस तिच्याकडे कशी, हा प्रश्न माझ्या आळसाने तयार करून ठेवला होता. आपण नेहमी म्हणतो, आम्हाला बिनकागदाचे गुन्हेगार ठरवतात. इथे मी दुसऱ्या कोणाला बिनकागदाचं ठरवून मोकळा झालो होतो. मला त्या दिवशी जी शरम वाटली ती याची.

दुसरं उत्तर येतं ते 'जबानी'चं. "आपल्यात शब्द चालतो. अब्बांच्या काळी कोण कागद करत होतं?" शब्द चालतो तो माणसं जिवंत असेपर्यंत आणि एकाच गावात असेपर्यंत. अब्बा गेले, आम्ही गाव सोडलं, मग शब्द कोणाकडे राहिला? शिवाय हा युक्तिवाद करणाऱ्यांनी सूरह बकराहची २८२ वी आयत पुन्हा वाचावी. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत. तिचा विषय ना नमाज, ना रोजा. उधारीचा व्यवहार कसा लिहावा, हा तिचा विषय आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. अल्लाहने सर्वांत लांब आयत हिशेबाच्या कागदाला दिली, आणि आपण म्हणतो शब्द पुरे.

कोणी जाणकार लगेच म्हणेल, त्याच आयतीत रोखीच्या हातोहात व्यवहाराला सूट आहे, न लिहिल्यास दोष नाही. बरोबर. पण त्यापुढचंही वाचा. विक्री करताना साक्षीदार करा, असंही तिथे सांगितलं आहे. आणि साक्षीदाराला किंवा लिहिणाऱ्याला त्रास होता कामा नये, हेही. आजच्या काळात म्हशीच्या विक्रीचा पक्का साक्षीदार कोण? ती नोंद. आम्ही तो साक्षीदार घेतला नाही, आणि त्रास झाला घेणारीला.

हदीसच्या किताबांत सापडलेल्या वस्तूचा वेगळा बाब असतो. सापडलेल्या थैलीची आणि तिच्या दोरीची खूण लक्षात ठेवावी, वर्षभर पुकारा करावा, मालक आला तर द्यावी, ही शिकवण बुखारीत आहे. हरवलेल्या उंटाबद्दल आणि बकरीबद्दल विचारलेले प्रश्नही तिथेच येतात. मालकाला शोधण्याचं ओझं सापडणाऱ्यावर टाकलं आहे. कोंडवाड्याच्या माणसाने ते ओझं उचललं. बिल्ल्याची खूण वाचली, फोन लावला, गावात विचारलं. तो मुसलमान नव्हता, पण त्याने शिकवणीप्रमाणे केलं. मी मुसलमान होतो, आणि मी त्याचा शोध अशक्य करून ठेवला होता.

आता थोडं माझ्या हिंदू वाचकांशी. म्हातारा बैल, भाकड म्हैस दावणीला ठेवणं परवडत नाही, म्हणून तुम्ही ती बाजारात नेता. यात लाजण्यासारखं काही नाही. शेती अशीच चालते. पण पैसे घेऊन घरी आल्यावर बिल्ल्यावर तुमचंच नाव राहतं, आणि ते बदलावं असं तुम्हाला वाटत नाही, कारण बदललं तर विकल्याची नोंद होते. पुढे घेणाऱ्याची गाडी अडली की तुम्ही गप्प. जनावर तुमच्या कोठ्यातून निघालं, तुमच्या मर्जीने निघालं, हे सांगणारी एकमेव साक्ष तुमच्याकडे आहे. विक्री दोघांची असते. एकाने पैसे न्यायचे आणि दुसऱ्याने संशय न्यायचा, याला सौदा म्हणत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत असं आहे. जनावराचा सौदा पैसे मोजल्यावर पुरा होत नाही, दावं दिल्यावरही होत नाही, नाव दिल्यावर होतो. आणि नाव देण्याची पहिली जबाबदारी विकणाऱ्याची, कारण नोंदीत त्याचं नाव आहे. घर बदललं, फोन बदलला, घरात मय्यत झाली, तरी तेच.

हे वाचून झाल्यावर कोठ्यात जा. बिल्ल्यावरचे बारा आकडे वहीत उतरवा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ते दाखवा आणि विचारा की नाव, गाव आणि मोबाइल कोणाचा निघतो. चुकीचा असेल तर तिथेच बदलून मागा. दवाखाना लांब असेल तर फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा नंबर आहे, ती गाडी गावात आली की तिथल्या माणसांना विचारून घ्या. जनावर विकत असाल तर घेणाऱ्याचं आधार आणि फोन घेतल्याशिवाय दावं सोडू नका, आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बिल्ल्याचा नंबर लिहिला का ते स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर पोराला वाचायला सांगा. आपली पोरं शाळेत कशासाठी जातात?

कोंडवाड्यातून म्हैस सुटली त्यानंतरच्या सोमवारी मी त्या बाईला आणि तिच्या पोराला घेऊन दवाखान्यात गेलो. अब्बांचा दाखला, माझं लिहून दिलेलं, तिचं आधार. नाव बदललं. पोराचा नंबर तिथे चढला. सगळं मिळून तासाभराचं काम होतं. ते सव्वा वर्षापूर्वी केलं असतं तर तिच्या म्हशीचे चारही सड शाबूत असते.

घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "अब्बांची मोटारसायकल पण अजून त्यांच्याच नावावर आहे ना?" आहे. पुढच्या आठवड्यात आरटीओत जातोय.